दयानंदची उभी सहल

मस्कतच्या हमरिया भागात दयानंदला बसलेला बघितलाय, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मिळायचा नाही. सकाळी आठला तो इस्त्रीच्या टेबलामागे उभा राहायचा तो शटर पडेपर्यंत. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, गावाकडचा फोनसुद्धा उभ्यानेच. माणूस उंच, किडकिडीत, दांडीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखा. मूळ वेंगुर्ल्याच्या बाजूचा. शहाण्णव साली मस्कतला आला तो गवंड्याच्या हाताखाली. एका दुपारी अर्बाब, म्हणजे त्याचा ओमानी मालक, साइटवर आला आणि म्हणाला, लाँड्रीतला इस्त्रीवाला पळाला, तुमच्यात इस्त्री कुणाला येते? दयानंदने हात वर केला. इस्त्री त्याने तोवर एकदाच बघितली होती, शाळेच्या हेडमास्तरांकडे, कोळशाची, तीही खिडकीतून. पण लाँड्रीला छप्पर होतं आणि साइटला नव्हतं. एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

तेव्हापासून अठरा वर्षं तो दिशदाशे इस्त्री करतोय. दिशदाशा म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच एक पांढराशुभ्र अंगरखा, गळ्याशी एक छोटा गोंडा. हा कपडा लबाडी चालवून घेत नाही. शर्टाला सुरकुती राहिली तर ती पँटीत खोचता येते, कोटाखाली दडवता येते. दिशदाशात दडवायला जागाच नाही. माणूस म्हणजे एक पांढरी भिंत, आणि भिंतीवरचा चरा लांबून दिसतो. दयानंदची इस्त्री अशी की अर्बाबचे पाहुणे लांबच्या इब्रा गावाहून येऊन कपडे टाकून जायचे.

आता त्याचं दुखणं. गावाला म्हातारी आई, रखमाबाई, एकटी. घराच्या मागच्या अंगाला दगडी गडगा, आणि गडग्याच्या पलीकडे चुलतभाऊ रामकृष्ण. दर पावसाळ्याआधी रामकृष्ण गडगा ‘दुरुस्त’ करायला काढायचा, आणि दुरुस्त झालेला गडगा वीतभर अलीकडे आलेला असायचा. म्हातारी दर शुक्रवारी फोनवर बातमी द्यायची.

“दया, आज केळीचो लोंगर त्येच्यात गेलो.”

“लोंगर कसो जायत गो आये?”

“लोंगर हय तसोच हा. केळ पण हय तशीच हा. गडगो अल्याड इलो.”

दोन वर्षांत रजा झाली नव्हती. २०१४च्या मार्चमध्ये बातमी आली की आता फणसाच्या झाडाच्या बुंध्याला सुतळी बांधलेली आहे, म्हणजे यंदा झाड जाणार. पावसाच्या आत गावाला जाऊन गडग्यावर उभं राहणं भाग होतं. रजेचा कागद दयानंदने दोनदा अर्बाबपुढे ठेवला. अर्बाब दोन्ही वेळा म्हणाला, “इन्शाल्ला, लडके के शादी के बाद.” मुलाचा निकाह त्या शुक्रवारी होता, असरच्या नमाजानंतर, म्हणजे दुपारी साडेतीनच्या सुमाराला.

पुढचं सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर सगळं येडेपणाचं वाटेल. येडेपणाचंच आहे, पण त्याला कारण आहे. निघालेल्या माणसाला “खंय चाललंस?” असं आमच्याकडे विचारत नाहीत. विचारलं की काम बिघडलं. आमच्या गावची जुनी माणसं असं कुणी विचारलं तर चपला काढून परत लोट्यावर, म्हणजे घरापुढच्या ओटीवर, बसतात, तांब्याभर पाणी पितात आणि मग नव्याने निघतात, तेवढ्यात एस.टी. गेली तर गेली. अगदीच पोटात कळ येत असेल तर आडून विचारायचं, “लांबसर?” त्यावर समोरच्याने म्हणायचं, “हंयसरच,” म्हणजे इथंच. मुंबईला निघालेला माणूसही “हंयसरच” म्हणतो आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. निघाल्यावर अर्ध्यातून परत फिरणं तर त्याहून वाईट. आणि खाडीवरच्या तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, रीत वेगळीच: तर लागली की आधी पाय ठेवायचा, बोलायचं ते मग. तरवाला कुणासाठी थांबत नाही.

शुक्रवारी सकाळी अर्बाबचा फोन आला. तो दुबईहून आलेल्या व्याह्यांना घेऊन आपल्या मोठ्या लाँचवर होता, मस्कतजवळच्या सीबच्या पुढच्या बंदरात. दुपारपर्यंत तिथंच बसणार होता आणि लाँचवरूनच तयार होऊन मशिदीत जाणार होता. “दया, मेरा नया दिशदाशा लेके आओ. बंदरपे छोटा बोट आयेगा, बैठो, लाँचपे आओ. यल्ला.”

दयानंदने पहाटेच कांजी देऊन ठेवलेला दिशदाशा काढला, हँगरला लावला, वर प्लास्टिक चढवलं, आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर कपडा आणि मागच्या सीटवर आपण, असा बंदरावर पोचला. नऊ वाजले होते. हँगर बोटात अडकवून, हात डोक्याच्या वर धरून तो धक्क्याच्या टोकाला उभा राहिला.

छोटी पांढरी बोट लागलीच आली. तीतून एका गोल पोटाच्या माणसाने हात पुढे केला.

“चडा चडा! तुमच्यासाटीच थांबलांव. पंदरा मिन्टा लेट तुमी!”

परक्या मुलखात मालवणी कानावर पडली की माणसाचा मेंदू जरा बाजूला सरकून बसतो. अर्बाबने आपला गाववाला पाठवलाय, एवढंच दयानंदला वाटलं, आणि त्याने तरीवर ठेवतात तसा आधी पाय ठेवला.

गोल पोटाचा माणूस म्हणजे धनंजय. कुडाळचा, मस्कतमध्येच बौशरला राहणारा, लिफ्टचा मेकॅनिक. त्याने कोकणातल्या बारा-चौदा माणसांची देमानियात बेटांची सहल काढली होती. हातात यादी: होडी एक, होडीवाला एक, जेवण हुसेनभाईंचं, फोटो, आणि शेवटी, गाइड एक. गाइड यायचा राहिला होता. धक्क्यावर कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात ओमानी पोशाख उंच धरून उभा असलेला माणूस बघून धनंजयने यादीवर टिक मारली. गाइडही आला आणि फोटोसाठी घालायचा पोशाखही आला.

“लांबसर?” धनंजयने विचारलं. त्याला बेटं किती लांब आहेत ते हवं होतं.

“हंयसरच,” दयानंद म्हणाला. अर्बाबची लाँच समोर दोनशे फुटांवर दिसत होती.

दोघांचंही समाधान झालं.

होडीत दयानंदला ओळखणारा एक माणूस होता, हुसेनभाई. रत्नागिरीकडचा, हमरियात लाँड्रीच्या समोरच त्याची खानावळ. बिर्याणीच्या दोन डेगच्यांना टेकून तो बसला होता. दयानंदला बघून त्याच्या भुवया टोपीत गेल्या. हा इथं कसा? मग त्याचा त्यानेच अर्थ लावला: शुक्रवारचा बाहेरचा धंदा. असल्या गोष्टी मस्कतमध्ये विचारत नाहीत. त्याने दयानंदला एक डोळा मारला आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

विचारलं ते एका पोरीने. धनंजयची आकांक्षा, दहा वर्षांची, मस्कतमध्येच वाढलेली. “अंकल, आपण एक्झॅक्टली कुठे चाललोय?”

“शूऽऽ!” अख्खी होडी एकदम म्हणाली. तिची आई, शीलावहिनी, तिने पोरीच्या दंडाला चिमटा काढला. “असं विचारतात का गं निघताना?”

“बट मला आन्सर पाहिजे,” पोर म्हणाली. होडीत डोकं ठिकाणावर असलेलं माणूस तेवढंच, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

होडीवाला यासिर, पंचविशीतला ओमानी, काळा चष्मा. त्याने इंजिन ओढलं. होडी अर्बाबच्या लाँचच्या दिशेने निघाली, लाँचजवळ आली, आणि लाँचला वळसा घालून पुढे गेली. लाँचच्या कठड्याशी अर्बाब उभा होता, बनियन आणि चौकड्याची लुंगी, हातात चहाचा पेला. दयानंदने दिशदाशा हलवून दाखवला. अर्बाबने खूश होऊन हात वर केला. होडीची लाट लाँचला लागली, चहा बनियनवर सांडला, आणि अर्बाबचा हात वरच राहिला.

“अवो, थांबवा! माका थंय उतराचा हा!”

“खंय थंय?” धनंजय म्हणाला. “तुमी आमचे गाइड मरे!”

“मी गाइड नाय. मी लाँड्रीतलो.”

“मग आमचो गाइड खंय हा?”

हे दयानंदला कसं ठाऊक असणार? यासिरने मागे वळून सांगितलं की बेटं राखीव आहेत, आत जायचा वेळ ठरलेला, तीनला परत यायचंच आहे, आता फिरलो तर आजचा दिवस खलास. आणि गंमत म्हणजे दयानंदने पुन्हा ‘थांबवा’ म्हटलंच नाही. निघालेली होडी अर्ध्यातून फिरवायची, हे त्याचं त्यालाच बरोबर वाटेना. त्याने हँगर आणखी उंच धरला. होडी बंदराच्या बाहेर पडली.

तेवढ्यात फोन वाजला.

“दया! तुम किदर जाता?” अर्बाबने नेमकं तेच विचारलं. “मेरा कपडा लेके किदर जाता?”

“अर्बाब, गलत बोट. तीन बजे वापस.”

पलीकडे बराच वेळ अरबी झालं. ते भाषांतर करण्यासारखं नव्हतं. मग अर्बाब हळू आवाजात म्हणाला, “सुनो. असर के पहले मेरे को दिशदाशा मंगता. एक लाइन दिखेगा, एक दाग दिखेगा, छुट्टी खलास. ये साल नही, अगला साल बी नही. साफ आयेगा, छुट्टी साइन. समजा?”

“समजा.”

मग नेटवर्क गेलं ते गेलंच.

फणस, म्हातारी, सुतळी, सगळं आता त्या हँगरला लटकलं होतं. दयानंदने दिशदाशा होडीच्या छपराच्या दांड्याला अडकवला आणि त्याच्यापुढे हात पसरून उभा राहिला. होडीतली माणसं त्याच्यासमोर रांगेत उभी. पहिला धनंजय.

“आदी मी. माका शोभात.”

“काय शोभात?”

“फोटो मरे. पॅकेजात हा. बायकोक सांगूनच आणलंय, अरबी ड्रेसात फोटो.”

“कपड्याक हात लावशात तर समुद्रात ढकलीन,” दयानंद म्हणाला. अठरा वर्षांत त्याने कुणाला एवढं मोठ्याने बोललेलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं. अर्बाब, निकाह, रजा. रांग तशीच राहिली. नवऱ्या मुलाचा बाप उघडा बसला तर बसो, अशीच एकंदर मुद्रा होती. मग तो गडग्याबद्दल बोलला.

गडगा म्हटल्यावर रांग मोडली. होडीतल्या प्रत्येकाच्या घरामागे एक गडगा होता आणि प्रत्येक गडग्याच्या पलीकडे एक रामकृष्ण.

“किती इलो अल्याड?” धनंजयने विचारलं.

“दोन वर्सांत हातभर.”

“शिरा पडो त्येच्या तोंडार! आणि झाड?”

“फणस. कापो.”

“कापो!” मागून कुणीतरी कळवळून म्हणालं. बरका असता तर गोष्ट वेगळी होती. धनंजयने यादी काढली, त्यातला ‘फोटो’ खोडला आणि सगळ्यांना सांगितलं, “आयकलास? दिशदाशो कोरो करकरीत परत जावक होयो. बेटां मागसून बगूया.”

इथून पुढे ती सहल माणसांची राहिली नाही, कपड्याची झाली.

उघड्या समुद्राला लागताच वाऱ्याने प्लास्टिक फाडून नेलं. दिशदाशा दांड्यावर फडफडायला लागला, सुळावर चढवलेल्या माणसासारखा. फडफडीने कांजी मोडते, कांजी मोडली की कपडा मरतो. घडी घालावी तर घडीची रेघ. आडवा ठेवावा तर होडीत सहा फूट कोरडी जागा नाही. शीलावहिनी म्हणाली, चौघांनी चार टोकं धरावीत. धरली. पाचव्या मिनिटाला लाट आली, चौघं चार दिशांना गेले आणि दिशदाशाच्या शिवणी कुरकुरल्या.

दयानंदने डोळे मिटले. अठरा वर्षं हजारो कपडे हाताखालून गेले होते. त्यातून एकच गोष्ट खात्रीने कळली होती. कपडा हँगरवर बिघडतो, घडीत बिघडतो, कपाटात बिघडतो. तो नीट राहतो एकाच ठिकाणी. न हलणाऱ्या माणसाच्या अंगावर.

“सगळ्यांनी तोंडां फिरवा,” तो म्हणाला. त्याने शर्ट-पँट उतरवली, हुसेनभाईच्या स्वच्छ पंच्याने अंग कोरडं केलं, आणि अर्बाबचा नवा दिशदाशा डोक्यावरून अंगात घातला.

तो चार बोटं लांब झाला. अर्बाबचं पोट मोठं असलं तरी उंचीही दयानंदपेक्षा जास्तच होती. खालची कड होडीच्या ओल्या फळीला लागणार, म्हणून हुसेनभाईने बर्फाची पेटी पुढे सरकवली. दयानंद पेटीवर चढला. बगलेत चुण्या पडू नयेत म्हणून दोन्ही हात बाजूला पसरले, बोटांची टोकं छपराच्या दांड्यांना टेकवली, आणि शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा राहिला. दहा वाजले होते. तीन वाजेपर्यंत हलायचं नव्हतं.

“घाम इलो तर?” धनंजय म्हणाला.

हा प्रश्न खरा होता. एका बाजूने हुसेनभाई डेगचीच्या झाकणाने वारा घालू लागला, दुसऱ्या बाजूने आकांक्षा तिचा सेलवरचा छोटा पंखा घेऊन बसली, बरोबर काखेच्या खाली.

“अंकल, पाणी हवं?”

“नको गो बाय. पाणी प्यालंय तर घाम. आणि दुसरापण.”

“दुसरं काय?”

“आकांक्षा, पंखा धर,” शीलावहिनी म्हणाली.

बेटं आली. चुनखडीची, पांढुरकी, खालच्या अंगाला पाण्याने कुरतडून कुरतडून आत घेतलेली, वरून पसरट. समुद्रात अळंबी उगवावीत तशी. मधलं पाणी असं हिरवं आणि आरपार की तळाची वाळू मोजून घ्यावी. खालून एक कासव गेलं, परातीएवढं. माणसं काठाला ओणवली, होडी एका अंगाला कलली, आणि वरून आवाज आला.

“कलू नकात! कड भिजतली!”

माणसं मुकाट्याने अर्धी इकडे अर्धी तिकडे बसली. कासव बघायचं तर जोडीजोडीने, एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून, असा नियम ठरला. कासव एकाच बाजूला होतं. उजवीकडच्यांनी रिकामं पाणी बघितलं आणि “बरा हा,” म्हणाले.

खरा घोर पाखरांचा होता. त्या बेटांवर पाखरं शेकड्याने, आणि बेटं पांढरी दिसतात त्यातला थोडा वाटा त्यांचाही. छप्पर कापडाचं आणि मधोमध फाटकं. दयानंदचं डोकं बरोबर फाटक्या भागाखाली. त्याला बेट दिसलं नाही, कासव दिसलं नाही. मान वर करता येत नव्हती म्हणून तो नुसते डोळे वर करून पाखरांची शेपटं बघत राहिला. शेवटी धनंजयने मोठी छत्री उघडून त्याच्या डोक्यावर धरली.

हे चित्र डोळ्यांपुढे आणा. निळा समुद्र, मधे होडी, होडीत उंच पेटीवर पांढऱ्याशुभ्र दिशदाशातला एक माणूस हात पसरून उभा, एकाने छत्री धरलेली, एक झाकणाने वारा घालतोय, पायाशी पोरगी, आणि बाकीचे दोन्ही बाजूंना अगदी समसमान बसलेले. राखणीच्या बोटीने ते लांबून बघितलं. ती आली, जवळ येताच वेग कमी केला, आणि आतला अधिकारी सावधान उभा राहिला.

“सलाम अलैकुम.”

“व अलैकुम सलाम,” दयानंद म्हणाला, मान न हलवता.

अधिकाऱ्याने अदबीने अरबीत काहीतरी लांबलचक विचारलं. दयानंदची अरबी सगळी लाँड्रीची. त्याने तीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य दिलं, जे तो रोज वीसदा देत असे. “बुकरा. इन्शाल्ला बुकरा.” उद्या. देवाच्या कृपेने उद्या.

अधिकारी विचारात पडला. यासिर सुकाणूवर डोकं टेकून हसत होता, खांदे गदगदत होते; वरून बघणाऱ्याला तो रडतोय असंच वाटावं. मग अधिकाऱ्याने छातीवर हात ठेवला, परवान्याचा कागद न बघताच मान झुकवली, आणि लाट उठू नये म्हणून इंजिन अगदी हळू करून तो निघून गेला.

“क्या पूछा रे वो?” धनंजयने यासिरला हिंदीत विचारलं.

“पूछा, शेख, आप का तबियत ठीक है?”

दुपारी डेगच्या उघडल्या. हुसेनभाईची बिर्याणी, मटणाची, वरून तळलेला कांदा. होडीतली माणसं दयानंदच्या नजरेसमोर जेवली, कारण त्याला पाठ फिरवून बसायचं तर होडीचा तोल गेला असता. हुसेनने एक घास त्याच्या तोंडाशी नेला.

“मागे घ्या. हळद हा.”

“अरं, एक घास खा. दिवसभर उपाशी र्‍हाशील?”

“केशर पण हा तेच्यात. तेचो डाग तर जन्मात जावचो नाय. हुसेनभाय, हात लांब धरा. अजून लांब.”

शेवटी शीलावहिनीने कोऱ्या खुबूसचे, म्हणजे अरबी रोटीचे, बारीक तुकडे केले आणि लहान मुलाला भरवतात तसे एकेक त्याच्या तोंडात टाकले. कण खाली पडू नये म्हणून हनुवटीखाली तिचा दुसरा हात. धनंजयला ते फारसं आवडलं नाही, पण छत्री सोडता येत नव्हती.

पावणेतीनला होडी बंदराला लागली. धक्क्यावर अर्बाब येरझाऱ्या घालत होता, डाग पडलेला बनियन, तीच लुंगी. मागे दुबईचे व्याही नटूनथटून, अत्तर लावून, घड्याळं बघत. अर्बाबने आपला दिशदाशा समुद्रातून उभ्याउभ्या येताना बघितला. त्याचं तोंड उघडलं. आपल्या नोकराने आपला नवा कोरा कपडा अंगात घालावा, याला जी शिवी लागते ती त्याला त्या घटकेला सापडली नसावी.

“उतरू नको,” धनंजय दयानंदला म्हणाला. “पाय वाकवलंस तर मांडीक रेग.”

मग चौघांनी त्याला पेटीसकट उचललं आणि धक्क्यावर ठेवलं.

अर्बाब त्याच्याभोवती फिरला. एकदा, मग उलटा एकदा. पाठ बघितली, बाह्या बघितल्या, खाली बसून कड बघितली. गोंडा दोन बोटांत धरून सोडला. व्याह्यांपैकी म्हाताऱ्याने चष्मा लावला, पुढे झाला आणि तोही फिरला. एक रेघ नव्हती. एक डाग नव्हता. कांजी सकाळसारखी कडक होती.

“माशाल्ला,” म्हातारा म्हणाला.

अर्बाबने बंदराच्या खोलीत कपडा घातला, ऊदाचा धूर दिला आणि बाँग व्हायच्या आत मशिदीत पोचला. दयानंदचे गुडघे वाकेनात. हुसेनभाईने त्याला आपल्या पिकअपमध्ये मागे डेगच्यांच्या मधे उभा करून हमरियाला आणला.

शनिवारी सकाळी अर्बाब लाँड्रीत आला. आपण पेढे आणतो तसा हलव्याचा डबा आणला होता. दयानंदने रजेचा कागद टेबलावर ठेवला, वर पेन.

अर्बाबने कागद वाचला, त्याची घडी केली आणि तो दयानंदच्याच खिशात परत घातला.

“दया, तेरेको कैसे छोडेगा? कल पूरा मस्जिद पूछा, ये इस्त्री कौन किया. मेरा समधी बोला, ये आदमी हमको दुबई में दे दो. पाच घंटा समंदर में, एक लाइन नही! ऐसा आदमी दो महिना छुट्टी जायेगा तो मेरा दुकान कौन देखेगा? रमजान आता है, ईद आता है. ईद के बाद, इन्शाल्ला.”

“अर्बाब, तुम बोला साफ आयेगा तो साइन.”

“साफ आया, इसलिए तो नही छोडता!” अर्बाब प्रेमाने म्हणाला, त्याच्या खांद्यावर थोपटलं, आणि आपले तीन रोजचे दिशदाशे टेबलावर ठेवून गाडीत जाऊन फोनवर बोलत बसला.

ईदनंतर म्हणजे ऑगस्ट. ऑगस्टपर्यंत फणस पलीकडे जाऊन पावसाने गडग्यावर शेवाळही चढलं असतं.

दयानंदने पहिला दिशदाशा टेबलावर पसरला. पाणी शिंपडलं. गळ्याची पट्टी इस्त्री करून काढली, बाह्या काढल्या, पुढचा भाग काढला, सगळं नीट, रोजच्यासारखं. मग कपडा उलटा केला, पाठीच्या बरोबर मध्यावर इस्त्री ठेवली, हात काढून घेतला, आणि रस्ता ओलांडून हुसेनभाईच्या खानावळीत गेला.

“चाय दे.”

हुसेनने चहा दिला. दयानंदने बशीत ओतला, फुंकर मारली, घोटघोट प्याला. हुसेनने नाक वर केलं.

“दया, काय तरी करपतंय रं.”

“व्हय.”

“तुज्या दुकानातसून येतो वास!”

“रजा भाजूक ठेवलंय,” दयानंद म्हणाला आणि बशीतला शेवटचा घोट घेतला.

तो परत गेला तेव्हा धूर शटरबाहेर आला होता आणि अर्बाब गाडीतून धावत आत शिरला होता. त्याने इस्त्री उचलली. खाली इस्त्रीच्याच आकाराचं भोक, काठ तपकिरी. अर्बाबने दिशदाशा दोन्ही हातांनी वर धरला. भोकातून त्याला पलीकडे उभा असलेला दयानंद दिसला, अगदी शांत, हात मागे.

अठरा वर्षांत पहिला कपडा. अर्बाब रागावेल असं वाटलं होतं. पण त्याचा चेहरा पडला. त्याने दयानंदच्या कपाळाला हात लावून बघितला.

“दिमाग थक गया तेरा,” तो म्हणाला. “समंदर का धूप लगा. मेरा गलती.” घाबरला होता बिचारा, टेबलावर अजून दोन दिशदाशे होते आणि इस्त्री गरम होती. “घर जाओ. दो महिना. माँ के पास बैठो. अभी जाओ, कागद किदर है?”

दयानंदने खिशातून कागद काढला. अर्बाबने सही केली, तारीख टाकली, आणि इस्त्रीची वायर स्वतःच्या हाताने ओढून काढली.

तो गेल्यावर दयानंदने वायर परत लावली. उरलेले दोन दिशदाशे इस्त्री करून काढले, गिऱ्हाइकांचे एकोणीस शर्ट काढले. मग तो जळका पुन्हा पसरला, भोकाच्या कडेकडेने इस्त्री फिरवून बाकीची पाठ सरळ केली, घडी घातली, आणि अर्बाबच्या फळीवर ठेवून दिला.